वेगाची विक्री आणि हमीचा शब्द



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांना अचंबा वाटला असेल. शर्यतीच्या ट्रॅकवर नेलेली स्पोर्ट्‌स कार बिघडली, तर दुरुस्तीचा खर्च मालकाने सोसावा की कारखानदाराने, हा वाद मुख्यत्वे अमेरिकेतला, आणि तोही हौशी सुखवस्तू लोकांचा. त्याच्याशी आपले काय देणेघेणे, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. परंतु आपल्या घरी पंखा येतो, शीतकपाट येते, स्कूटर येते. आणि त्या प्रत्येकाबरोबर एक छापील हमीपत्र येते. ते आपण न वाचता कपाटात ठेवतो आणि वस्तू बिघडली म्हणजेच बाहेर काढतो. त्या कागदावरच्या शब्दांचे खरे वजन किती, हे जेथे लाखो रुपयांचा प्रश्न असतो आणि दोन्ही बाजू हट्टाने भांडतात, तेथे फार स्पष्ट दिसते. म्हणून हा परका वाद मी आज आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम या हौसेचे स्वरूप पाहू. पाश्चात्त्य देशांत ‘ट्रॅक डे’ नावाचा एक प्रकार आहे. शर्यत नसेल त्या दिवशी फी भरून सामान्य माणसाला आपली रोजची गाडी बंदिस्त ट्रॅकवर पळविता येते. येथे पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसते. नवख्याच्या शेजारी पुष्कळदा शिक्षकही बसतो. वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवायची, मग विश्रांती, मग पुन्हा पाळी. ही शर्यत नव्हे. पण हे बाजारहाटाला जाणेही नव्हे. साऱ्या भांडणाचे मूळ या मधल्या जागेत आहे.

ट्रॅकवर यंत्राचे काय होते, तेही समजून घेतले पाहिजे. गाडी थांबविताना ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी थांबविताना जितकी उष्णता निर्माण होते, तिच्या चौपट उष्णता ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी थांबविताना निर्माण होते. आणि ट्रॅकवर हे दर फेरीत अनेकदा घडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा मुरलेल्या त्याच तेलाची किमान मर्यादा १५५ अंश आहे. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. लांब वळणावर इंजिनाच्या ऑइल चेंबरमधले तेल एका अंगाला चढते, पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो आणि बेअरिंग कोरडी पडतात. गिअरबॉक्सचे तेलही तापते. हे सारे पोस्टात जाऊन परत येणाऱ्या गाडीच्या नशिबी नसते.

यात चालकाची चूक आणखी वेगळी. चौथ्या गिअरमधून पाचवा टाकायला जावे आणि घाईत तिसरा पडावा, असे होते. इंजिनाने मर्यादेबाहेर फिरू नये म्हणून पेट्रोल तोडणारी यंत्रणा गाडीत असते. पण येथे इंजिनाला पेट्रोल फिरवीत नसते, चाके फिरवीत असतात! क्षणार्धात व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचा चुराडा होतो. आजच्या गाडीतला संगणक याची नोंद ठेवतो. पोर्शेच्या गाड्यांत तर मर्यादा किती ओलांडली याच्या सहा पायऱ्यांनुसार ही नोंद मिळते. अशा मालकाने हमीपत्र पुढे करून नवे इंजिन मागितले, तर कारखानदाराने नाही म्हणावे हेच न्याय्य आहे. हमीचा खर्च आकाशातून पडत नाही. तो गाडीच्या किमतीत मिसळलेला असतो. एकाच्या उधळेपणाची भरपाई शंभर सावध मालकांनी का करावी?

आता दुसरी बाजू पाहा. टोयोटाची जीआर ८६ ही गाडी अमेरिकेत विकताना तिच्याबरोबर हौशी मोटारचालकांच्या एका राष्ट्रीय संघटनेचे वर्षाचे सदस्यत्व दिले गेले आणि त्यात ट्रॅकवर एक दिवस गाडी चालविण्याची सोय होती. म्हणजे विकणाऱ्यानेच ग्राहकाला ट्रॅकचे आमंत्रण दिले. २०२२ साली अशाच एका गाडीचे इंजिन गेले. मालकाने हमीचा आधार घेतला, तेव्हा ती गाडी बंदिस्त मैदानावर घसरवीत चालविल्याचे समाजमाध्यमावरचे छायाचित्र दाखवून त्याला नकार मिळाला. त्याच सुमारास या जातीच्या काही गाड्यांचे ऑइल चेंबर उघडले असता, तेल ओढणाऱ्या जाळीवर जोड बुजविण्याच्या सीलंटचे तुकडे मालकांना आढळले होते. प्रकरण गाजल्यावर कंपनीने फेरविचार करून दुरुस्ती पत्करली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच, की छायाचित्राने गाडी कोठे होती हे सिद्ध होते. इंजिन कशाने गेले हे सिद्ध होत नाही.

निसानच्या जीटी-आर या गाडीची कथा याहून बोलकी आहे. ती २००८ साली अमेरिकेत आली, तेव्हा जागेवरून झेप घेण्यासाठी तिच्यात ‘लाँच कंट्रोल’ नावाची करामत होती. ती वापरण्यासाठी गाडी घसरू न देणारी यंत्रणा बंद करावी लागे. मालकांना दिलेल्या पुस्तकात मात्र चिखलात वा बर्फात गाडी रुतल्याखेरीज ती यंत्रणा बंद करू नये, असा इशारा होता. लोकांनी झेपा घेतल्या, काहींचे गिअरबॉक्स मोडले आणि त्यांच्यापुढे इशाऱ्याचे ते पान उघडले गेले. पुढे कंपनीने संगणकाची आज्ञावली बदलून ही झेप सौम्य केली. बटण द्यायचे, त्याची कीर्ती वाढू द्यायची आणि वापरले तर हमी नाकारायची, ही एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याची रीत झाली.

तिसरे उदाहरण फोर्डच्या शेल्बी जीटी ३५० चे. या गाडीच्या जाहिरातीत ट्रॅकचा गौरव होता. परंतु २०१६ सालच्या काही प्रकारांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल थंड ठेवणारे कूलर बसविलेले नव्हते. ट्रॅकवर सुमारे पंधरा मिनिटांत गाडी तापते आणि स्वतःला वाचविण्यासाठी ताकद कमी करून लंगडू लागते, अशी तक्रार करून मालकांनी २०१७ साली फ्लॉरिडातल्या फेडरल न्यायालयात दावा लावला. त्याच वर्षीच्या नमुन्यात कंपनीने हे कूलर सर्व गाड्यांना दिले. अनेक राज्यांतल्या ग्राहकांनी हा दावा एकत्र चालवावा की नाही, यावर अपील न्यायालयाने २०२३ साली निर्णय दिला. तो काही राज्यांपुरता ग्राहकांच्या बाजूने, तर काहींपुरता विरुद्ध गेला. या दाव्यातून एक मार्मिक प्रश्न पुढे येतो. बहुतेक हमीपत्रे ‘माल किंवा कारागिरी यांतील दोष’ एवढ्याचीच जबाबदारी घेतात. गाडी आराखड्याप्रमाणे निर्दोष बनली, पण आराखडाच जाहिरातीतल्या शब्दाला पुरा पडत नसला तर काय? हमीपत्र तेथे मूक राहते. मग बोलावे लागते ते जाहिरातीला.

असल्या वादांत कायदा काय म्हणतो? १९६० साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेनिंग्सेन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स या खटल्यात एक पायंडा पाडला. नव्या प्लिमथ गाडीचे स्टिअरिंग दहाच दिवसांत निकामी होऊन अपघात झाला आणि चालविणारी बाई जखमी झाली. कराराच्या पाठीमागे बारीक अक्षरांत हमी छापली होती: नव्वद दिवस किंवा चार हजार मैल, आणि तीही फक्त सदोष भाग बदलून देण्यापुरती, बाकी सर्व जबाबदाऱ्यांना नकार. न्यायालयाने तो नकार लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. सर्व कारखानदार एकच छापील मजकूर पुढे करतात, तेथे ग्राहकाला निवड उरतेच कोठे, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९७५ साली अमेरिकेत मॅग्नुसन–मॉस हमी कायदा झाला. लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ हे ठळक सांगावे, अटी साध्या भाषेत विक्रीपूर्वी उपलब्ध असाव्यात, अमुकच कंपनीचा सुटा भाग विकत घेऊन वापरा तरच हमी टिकेल असे बंधन घालू नये, अशा गोष्टी त्याने ठरविल्या.

परंतु या कायद्याबद्दल तिकडच्या हौशी लोकांत एक भ्रम आहे, तोही सांगितला पाहिजे. कायदा आपल्या पाठीशी आहे, तेव्हा ट्रॅकवर काहीही केले तरी चालेल, असे त्यांना वाटते. ते खरे नाही. शर्यत किंवा स्पर्धा यांतून झालेले नुकसान हमीतून वगळण्याची मोकळीक कारखानदाराला आहे. मात्र त्याने ते स्पष्ट लिहिले पाहिजे. ‘स्पर्धा’ एवढेच लिहिले असेल, तर स्पर्धा नसलेला ट्रॅक डे त्यात येतो काय, यावर भांडण होणारच. आणि शब्द संदिग्ध असला तर अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे करारांच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे. शिवाय वगळले जाते ते त्या वापराने झालेले नुकसान. सबंध हमी नव्हे. ट्रॅकवर गेलेल्या गाडीच्या दाराची काच वर होईनाशी झाली, तर त्याचा शर्यतीशी काय संबंध?

माझ्या मते या सर्व प्रकरणांचे सार एका वाक्यात सांगता येईल: वाद जागेचा नसावा, कारणाचा असावा. गाडी कोठे गेली होती हा चौकशीचा आरंभ आहे, निकाल नव्हे. मोडलेला भाग उघडून पाहावा, संगणकाची नोंद वाचावी, तेल तपासावे. चुकीचा गिअर पडल्याची नोंद सापडली तर मालकाने मुकाट्याने पैसे मोजावेत. बेअरिंगच कच्चे निघाले तर कारखानदाराने मोजावेत. आणि ज्याने ट्रॅकचे चित्र दाखवून गाडी विकली, त्याला ‘ट्रॅकवर का गेलात?’ असे विचारण्याचा नैतिक अधिकार फारसा उरत नाही. हा मार्ग व्यवहारात अशक्य आहे असेही नाही. ह्युंदाईने २०१८ साली ऑस्ट्रेलियात आय ३० एन ही गाडी आणली, तेव्हा स्पर्धा वगळून हौसेने ट्रॅकवर चालविली तरी हमी कायम राहील, असे आधीच जाहीर केले. रेषा कोठे आहे हे विक्रीपूर्वी सांगितले, म्हणजे निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशातही मद्रासजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळ कारी आणि ग्रेटर नोएडाला २०११ साली झालेला बुद्ध सर्किट असे ट्रॅक आहेत. तेथे जाणाऱ्यांनी दोन कागद वेगळे ओळखावेत. हमीपत्र कारखानदाराचे, विमापत्र विमा कंपनीचे. मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात संघटित शर्यत आणि वेगचाचणी हे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. एकाने नाही म्हटले तर दुसरा देईल, या भरवशावर कोणी राहू नये.

पण ज्यांना ट्रॅकची हौस नाही अशा आपणां सर्वांसाठी २०१९ सालचा ग्राहक संरक्षण कायदा महत्त्वाचा आहे. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्याने किंवा करारानेच नव्हे, तर विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेल्या दर्जात उणेपणा असला तरी तो दोष मानला आहे. ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द ध्यानात ठेवा. जाहिरात त्यात आली, माहितीपुस्तिका त्यात आली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडविणाऱ्या अन्याय्य करारांविरुद्ध दाद मागण्याची तरतूदही या कायद्यात आहे. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथल्या आयोगापुढे करता येते. मात्र ती दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. याच कायद्यात दुसरे टोकही आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तरी ती वस्तू त्या वेळी गैरवापरात होती किंवा तिच्यात फेरफार केला होता, असे असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही. कायद्याने दोन्ही पारडी हातात धरली आहेत.

म्हणून एवढेच सुचवितो. वस्तू घेताना हमीपत्रातले ‘काय मिळेल’ हे कलम वाचण्याआधी ‘काय मिळणार नाही’ हे कलम वाचावे. विक्रेता तोंडी आश्वासन देईल, ते दोन ओळींत लिहून मागावे. जाहिरात आणि माहितीपुस्तिका जपून ठेवावी. देखभालीच्या पावत्या टाकू नयेत. वस्तू बिघडल्यावर ती दुसऱ्या कोणाकडून खोलून घेण्यापूर्वी पाहणीचा अहवाल लेखी मागावा, आणि नकार मिळाला तर तोही कारणासह लेखी मागावा. तोंडी नकाराशी झगडता येत नाही; लेखी नकाराला उत्तर देता येते.

व्यापार शेवटी विश्वासावर चालतो असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण विश्वास म्हणजे डोळे मिटणे नव्हे. विकणाऱ्याने जितके बोलावे तितके पाळावे, आणि घेणाऱ्याने जितके घेतले तितकेच मागावे, इतका साधा हा धर्म आहे. तो पाळला तर हमीपत्र कपाटात राहिले तरी चालेल.