पाटी आणि माणसे



नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने २०१५ साली नवे बोधचिन्ह लावले. पण निष्ठावंत दुखावले ते पाटीमुळे नव्हे. २०१३ साली तिने ब्राउझरचे स्वतःचे इंजिन टाकून क्रोमियमचे स्वीकारले. नव्या आवृत्तीत बुकमार्क नव्हते, ईमेलची सोयही नव्हती. २०१४ साली ‘माय ऑपेरा’ हा वापरणाऱ्यांचा कट्टाही मोडला. कंपनी आधीच सोडून गेलेले संस्थापक टेट्झनर यांनी मग अशा माणसांसाठी ‘विवाल्डी’ काढला.

आम्ही कामगार संघटनेत हेच पाहिले आहे. झेंड्याचा रंग बदलला, तर सभासद कुरकुरतो. परंतु त्याला न विचारता त्याचे हत्यार आणि बसण्याची जागा काढून घेतली, तर तो भांडत नाही, राजीनामाही देत नाही. पुढच्या महिन्यात त्याची वर्गणी येत नाही, एवढेच.