रोज एक ठसा : जेल प्लेटवरील चित्रमुद्रण आणि प्राथमिक शाळा
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



इयत्ता दुसरीपर्यंत प्रत्येक मूल आपखुशीने चित्र काढते. चौथीस पोहोचेपर्यंत वर्गातील बरीच मुले "मला चित्र काढता येत नाही" असे निःशंकपणे सांगू लागतात. हे वाक्य त्यांस कोणी पाठ करून दिलेले नसते. फळ्यावरील आंबा आणि वहीतील आंबा यांची रोज तुलना होते, तीतून ते आपोआप उपजते. अशा मुलांच्या हाती पुन्हा रंग द्यावयाचा, तर हुबेहूबपणाची अट प्रथम दूर केली पाहिजे. त्या दृष्टीने जेल प्लेटवरील ठसेकाम विचारात घेण्याजोगे आहे.

हे साधन दिसते तितके नवे नाही. जिलेटिन व ग्लिसरीन यांच्या थरावरून प्रती काढण्याची हेक्टोग्राफ नावाची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली, आणि जगभरच्या अनेक शाळांतील प्रश्नपत्रिका पुढे त्याच थरावरून जांभळ्या अक्षरांत निघाल्या. तेथे सर्व प्रती एकसारख्या निघाव्यात हा हेतू होता. आज चित्रकार त्याच जातीच्या थरावर काम करतात ते मात्र एकासारखा दुसरा निघत नाही म्हणून! गुळगुळीत पृष्ठावर रंग लावून त्याचा एकच ठसा घेण्याची रीत सतराव्या शतकात जिनोआच्या कास्तिलिओने या चित्रकाराने वापरली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये देगाने तिचा मोठा उपयोग केला.

प्लेट शाळेतही तयार होते. एक कप पाणी, एक कप ग्लिसरीन आणि सुमारे 50 ते 60 ग्रॅम जिलेटिन घ्यावे. जिलेटिन थंड पाण्यात भिजवून फुगू द्यावे, मग ग्लिसरीन घालून भांडे गरम पाण्यात ठेवावे व सर्व विरघळेपर्यंत हलके ढवळावे. उकळू देऊ नये. मिश्रण सपाट ताटलीत ओतावे आणि वर आलेले बुडबुडे कागदाच्या पट्टीने काठाकडे ओढून घ्यावेत. राहिलेला प्रत्येक बुडबुडा पुढे ठशात पांढरा ठिपका होऊन दिसतो. हे तापविण्याचे काम शिक्षकानेच करावयाचे आहे. नुसत्या पाण्यातील जिलेटिन आपल्याकडील उन्हाळ्यात पाघळते व दोन-चार दिवसांत त्यास बुरशीही येते. ग्लिसरीनमुळे प्लेट पुष्कळ टिकते, आणि खराब झाली तर वितळवून पुन्हा ओतता येते.

येथे एक नाजूक गोष्ट आहे. जिलेटिन प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून बनते. काही घरांना ते रुचणार नाही, आणि मुलाच्या हाती देण्यापूर्वी पालकांस ते सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. प्राणिज पदार्थ नसलेल्या कृत्रिम प्लेटी बाजारात मिळतात, पण त्या महाग पडतात. तसे असेल तेथे प्लॅस्टिकचा गुळगुळीत जाड पत्रा घेऊन काम भागवावे. त्यावर पानाच्या शिरा तितक्या स्पष्ट उठत नाहीत, हे खरे. परंतु कोणाचे मन दुखावून उठवलेल्या शिरा शाळेस काय कामाच्या?

कृती सोपी आहे. रबरी रुळाने रंगाचा अगदी पातळ थर द्यावा. पान शिरांची बाजू खाली करून त्यावर ठेवावे, वर कागद पसरून तळहाताने दाबावा व उचलावा. रंगीत भूमीवर पानाची पांढरी आकृती मिळते. खरी मौज यापुढे आहे. पान अलगद काढून दुसरा कागद दाबला, की पानाखाली राहिलेल्या रंगातून त्याची शीर न् शीर कागदावर उतरते. पिंपळाची जाळी आणि गवताच्या समांतर रेषा शेजारी ठेवल्या, तर द्विदल व एकदल यांचा पाठ निम्मा झालाच म्हणावयाचा. हा दुसरा ठसा फिका असतो, पण बहुधा तोच अधिक सुंदर असतो. पोस्टर रंग कोरड्या हवेत फार लवकर वाळतात. त्यांत ग्लिसरीनचे चार थेंब घातल्यास अवधी मिळतो. कात्री व टोकदार काडी प्लेटीपासून दूर ठेवावी.

आता 'रोज एक' या प्रतिज्ञेविषयी. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने 2009 साली ऑक्टोबरभर रोज शाईचे एक चित्र काढण्याचा नेम धरला आणि पाहता पाहता तो अनेक देशांत पसरला. अशा नेमाचा गुण असा, की आजचा ठसा बिघडला तरी उद्याचा ठरलेलाच असतो. त्यामुळे बिघडण्याची भीती झपाट्याने ओसरते. दोषही तितकाच उघड आहे. काम दाखविण्यासाठी होऊ लागले, की मूल धाडस सोडून काल वाहवा मिळालेलेच पुन्हा काढते. म्हणून तीस दिवस क्रमांक नको, शेरा नको, पालकांच्या मोबाईलवर छायाचित्रही नको. कागदामागे तारीख आणि 'आज काय बदलले' एवढी एक ओळ पुरे: एक दिवस केवळ पान, एक दिवस दोरा, एक दिवस फाटलेला कागद, एक दिवस कालच्याच ठशावर दुसरा रंग. नाव छापू पाहणाऱ्यास अक्षरे उलटी उमटलेली दिसतील; त्याचे कारण त्यासच शोधू द्यावे. गैरहजर राहिलेल्या मुलाकडून दुसऱ्या दिवशी दोन ठसे वसूल करू नयेत. त्याने त्या दिवशीचाच काढावा.

पंधरा मिनिटे पुरतात. चाळीस मुलांच्या वर्गात चार प्लेटी असल्या, तर दहा-दहांचे गट पाळीने बसवावेत. मग प्रत्येक मुलाच्या वाट्यास रोजचा ठसा न येता चौथ्या दिवसाचा येईल. तेही चालेल. रूळ जुन्या वर्तमानपत्रावर फिरवून पुसावा, म्हणजे धुण्याचे पाणी वाचते. महिनाअखेर जमलेल्या ढिगातील निम्मे कागद मुलांस स्वतःलाच आवडणार नाहीत. ते टाकू नयेत. त्यांतून मासे, घरे, डोंगर कातरून चिकटचित्रे होतात, वह्यांस वेष्टने होतात. आणि कोणता कागद कातरावयाचा व कोणता राखावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.