ओझें कोणाचें, जबाबदारी कोणाची?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघून हडपसर मागें टाकलें कीं, थोड्याच वेळांत लोणी काळभोर लागतें. मुळा-मुठेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांचें हें जुनें गांव आतां मालाच्या ने-आणीचें मोठें ठाणें होऊन बसलें आहे. येथें रेल्वेचें स्थानक आहे, तेलकंपन्यांचीं आगारें आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळांतून आलेलें तेल येथें सांठविलें जातें आणि टँकरांतून गांवोगांव पोंचतें. तेल नळांतून वाहतें. परंतु धान्याचें पोतें, सिमेंटची गोणी किंवा लोखंडाची कांब यांना पाय नसतात. तीं कोणाच्या तरी पाठीवरूनच गाडींत चढतात व गाडींतून उतरतात. पाठ ज्याची, त्या माणसाला कायद्यानें काय दिलें आहे, हें लोणीसारख्या गांवांतील प्रत्येक श्रोत्यानें जाणून घेण्याजोगें आहे.

कामगारांच्या हिताचे कायदे करण्यांत मुंबई इलाखा पूर्वींपासूनच पुढें होता. स्त्री-कामगारांना प्रसूतीच्या काळांत साहाय्य देणारा कायदा येथें १९२९ सालीं झाला. दुकानांतील नोकरांच्या कामाचे तास मर्यादित करणारा कायदा १९३९ सालीं झाला. त्याची जागा १९४८ सालीं नव्या कायद्यानें, व पुढें २०१७ सालीं महाराष्ट्राच्या कायद्यानें घेतली. परंतु अशा कायद्यांच्या मुळाशीं एक कल्पना गृहीत धरलेली असे: नोकर एक, त्याचा धनी एक, आणि दोघांमध्यें हजेरीपट. हमालाच्या बाबतींत ही कल्पना लटकी पडे. तो सकाळीं एका व्यापाऱ्याची गाडी रिकामी करी, तर दुपारीं दुसऱ्याच्या गुदामांत थप्पी लावी. व्यापारी म्हणे, हा गाडीवाल्याचा माणूस. गाडीवाला मुकादमाकडे बोट दाखवी. आणि मुकादम टोळीकडे. अनेक धनी असलेल्या या माणसाला कायद्याच्या दृष्टीनें एकहि धनी नव्हता.

हा भेद किती मोठा आहे, तें लोणीच्या शेजारींच पाहावयास मिळतें. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला. कारखाना बंद पडणें ही कायम कामगारावर आपत्तिच होय. तथापि त्याचें नांव हजेरीपटावर असतें. त्या नांवाच्या बळावर त्याला थकलेलें वेतन व उपदान मागतां येतें. ज्या हमालाचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं, त्यानें मात्र काय मागावें आणि कोणापाशीं मागावें?

या प्रश्नाला वाचा फोडली ती हमालांनींच. पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानें १९५५ सालीं हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडी कामगारांची संघटना बांधली. या चळवळींच्या रेट्यानें महाराष्ट्र सरकारनें १९६९ सालीं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांच्या नोकरीचें नियमन व कल्याण यांचा कायदा केला. गोदी-कामगारांसाठीं १९४८ सालीं मध्यवर्ती कायदा झाला होता. त्यांतील नोंदणीची व मंडळाची कल्पना येथें बाजारापर्यंत आणली गेली.

कायद्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. ठराविक उद्योगांत माल चढविणें, उतरविणें, रचणें, वाहणें किंवा तोलणें अशीं अंगमेहनतीचीं कामें करणाऱ्यास कायदा ‘असंरक्षित कामगार’ म्हणतो. अशा कामगारांसाठीं मंडळ स्थापन होतें. त्यांत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधि समसमान असतात, आणि सरकारी सभासद एकतृतीयांशाहून अधिक असूं शकत नाहींत. मालकानें आपली नोंद मंडळाकडे करावयाची, कामगारानेंहि करावयाची. हमालीची रक्कम मालक मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्हीहि भरतो. समजा, हमाली शंभर रुपये झाली आणि लेव्ही तीस टक्के असली, तर मालकानें एकशेंतीस रुपये भरावयाचे. शंभर रुपये हें कामगाराचें वेतन. उरलेल्या तिसांतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान, सानुग्रह रक्कम, पगारी रजा व औषधपाणी यांची तरतूद होते. दहा व्यापाऱ्यांचें काम केलें तरी दहाहि ठिकाणचा पैसा एकाच खात्यांत जमतो. सारांश, तुझा धनी कोण, हा जुना प्रश्न या कायद्यानें बाजूला सारला आणि ओझें कोणाचें, एवढेंच विचारलें.

पैशाइतकाच शरीराचाहि प्रश्न आहे. शंभर किलोचें पोतें पाठीवर घेणें हें एके काळीं बाजारांत नित्याचें होतें. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालीं केलेल्या शिफारशींत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला पंचावन्न किलोंची मर्यादा सुचविली आहे. पन्नास किलोचें पोतें हें म्हणूनच हमालावर केलेले उपकार नव्हत. तो त्याच्या मणक्याचा हक्क होय.

या कायद्यावर आक्षेपहि घेतले जातात. लेव्हीचा बोजा जड होतो, असें व्यापारी म्हणतात. माथाडीच्या नांवाखालीं, मालाला हातहि न लावतां दारांत उभे राहून पैसे मागणारीं माणसें असतात, ही दुसरी तक्रार तर गंभीर आहे. तिच्याकडे डोळेझांक करणें खऱ्या हमालाच्याच मुळावर येईल. परंतु या रोगावरील औषध कायद्यांतच आहे. जेथें कामगाराची नोंद आहे, दर ठरलेला आहे आणि पैसा मंडळामार्फत जातो, तेथें दारांत हात पसरणाऱ्याला जागाच उरत नाहीं. गैरप्रकार बोकाळतो तो नोंदणी टाळली जाते तेथें; आणि ती टाळण्यांत कांहीं मालकांचाहि हात असतो.

लोणी काळभोरच्या आसपास नवीं गुदामें उभीं राहतील, नव्या टोळ्या येतील; त्यांत दूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेले, येथील कायदा ठाऊक नसलेले तरुण असतील. त्यांना पहिल्याच दिवशीं कोणीतरी मंडळाच्या कार्यालयाची वाट दाखविली पाहिजे. हें काम संघटनेचें आहे, ग्रामस्थांचें आहे आणि प्रामाणिक व्यापाऱ्याचेंहि आहे. कायदा झाला म्हणजे संरक्षण मिळालें, असें होत नाहीं. हमालाचें नांव मंडळाच्या वहींत चढेल, त्या दिवसापासून तो कायदा त्याचा होतो.