तोफेवरची सहा माणसे

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी लष्करात नव्हतो. बँकेत कारकून आहे आणि बी. ए. ला मानसशास्त्र होते, एवढ्या भांडवलावर कार्यकारिणीने मला ‘सैन्यातील सांघिक प्रशिक्षण’ हा विषय दिला. आधी नाहीच म्हणणार होतो. पण आपण नाशिककर. देवळालीच्या बाजूने अधूनमधून धडाड् असा आवाज येतो, तो आपल्या कानाला सवयीचा आहे. तोफखान्याचे स्कूल काकुलहून देवळालीला आले आणि नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र आहे. तो आवाज एक माणूस काढत नाही, एवढे तरी मला माहीत होते.

दुसऱ्या महायुद्धात आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या सैन्यात असलेली 25 पौंडी तोफ घ्या. तिच्यावर सहा माणसे. नंबर एक म्हणजे तोफेचा प्रमुख. नंबर दोन तोफेचे मागचे दार उघडतो, लावतो आणि गोळा आत ठासतो. नंबर तीन नेम धरतो. नंबर चार गोळा भरतो. पाच आणि सहा दारूगोळा तयार करून पुढे देतात. कामावर असताना त्या माणसाचे नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही, नंबर आहे.

यात तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, आलेला आकडा मोठ्याने पुन्हा म्हणायचा. ‘ऐकले’ म्हणून चालत नाही. काय ऐकले ते सांगावे लागते. आमच्याकडेही रोकड एकाने मोजली की दुसऱ्याने मोजायची असते, ती याच कारणाने. दुसरी, सरावात जागा बदलायच्या. आज गोळा आणून देणारा उद्या नेम धरतो, म्हणजे एक पडला तरी तोफ थांबत नाही. तिसरी मला सर्वात आवडली. धोका दिसला तर कोणीही ‘थांबा’ म्हणून ओरडू शकतो, अगदी शेवटच्या नंबरचा सुद्धा, आणि मग सर्वांनी थांबायचे. शिस्त म्हणजे वरिष्ठांपुढे गप्प बसणे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. तोफेवर गप्प बसणारा माणूस धोकादायक असतो.

हे नुसते कवायतीचे नियम नव्हेत. 3 जुलै 1988 रोजी अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. 290 माणसे गेली. विमान वर चढत होते आणि यंत्रात तशी नोंदही होती. पण नौकेवरची माणसे ते खाली येत आहे असे एकमेकांना सांगत राहिली. यंत्र उत्तम होते, माणसेही शिकलेली होती. त्यानंतर अमेरिकी नौदलाने मानसशास्त्रज्ञांना कामाला लावले. त्यांच्या अभ्यासाचा एक धागा असा की, तुकडीतल्या प्रत्येकाच्या डोक्यात परिस्थितीचे आणि एकमेकांच्या कामाचे सारखेच चित्र असावे लागते.

त्याहून जुना प्रयोग रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचा, 1913 साली छापलेला. दोर ओढायला माणसे वाढवत गेले की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. आठ जण झाले की एकेक जण एकट्याच्या जेमतेम निम्मा जोर लावतो. 1974 मध्ये अमेरिकेत हा प्रयोग पुन्हा केला. त्यात बाकीचे ओढल्याचे नुसते सोंग करत होते, तरी खऱ्या माणसाचा जोर उतरलाच. आपल्यामागे बरेच जण आहेत, एवढी समजूत त्याला पुरली.

हे वाचताना मला घाम फुटला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळात आम्ही पाच जणांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम घेतले होते. एका विद्यार्थिनीचा जातीचा दाखला यायचा होता, म्हणून तिचा अर्ज बाजूला ठेवला. दाखला आला. मला वाटले, दुसऱ्याने अर्ज दिला. त्याला वाटले, मी दिला. शेवटची तारीख निघून गेली. त्या मुलीने कॉलेज सोडले आणि शिवणकाम धरले. आम्ही पाचही जण प्रामाणिक होतो. तिचे वडील मला रस्त्यात भेटत, तेव्हा नमस्कार करीत. रागावले असते तर बरे झाले असते.

आता आपल्या जवळची गोष्ट. याच लष्कराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती जातीवरून बंद केली. पहिल्या महायुद्धात 111 महार ही पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर 1921 ला मोडली. पुढे 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. तेव्हाची व्हिकर्स मशीनगन पाण्याने थंड ठेवावी लागे आणि तिचा पट्टा 250 काडतुसांचा. एक जण झाडणार, दुसरा पट्टा सरकवणार, बाकीचे काडतुसे आणि पाणी आणणार. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांनी आणलेल्या पाण्यावर तिथे बंदूक चालत होती. पुढे या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान आले.

बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात दाखवून दिले आहे की, जातिव्यवस्थेत नुसते काम वाटले जात नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात. तोफेवर उलटे आहे. काम काटेकोर वाटलेले, पण माणूस कामाला बांधलेला नाही. नंबर सहा उद्या नंबर तीन होतो.

आपल्या संस्थेत मात्र सतरंज्या घालणारी मुले दहा वर्षे सतरंज्याच घालतात आणि हिशेबाची वही एकाच कपाटात एकाच किल्लीखाली असते. अध्यक्ष माझ्याकडे पाहून हसत आहेत, म्हणजे त्यांना पटले असावे. नसेल तर त्यांनी मला ‘थांबा’ म्हणावे!

कार्यकारिणीने मान्य केले आहे की, यंदा शिष्यवृत्तीच्या अर्जांची एक वही ठेवायची. प्रत्येक अर्जापुढे दोन सह्या, एक देणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. आणि दर महिन्याला माणसे बदलायची. पहिल्या महिन्यात तपासायला बारावीची दोन मुले हवी आहेत. नावे कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे द्यावीत, मी दाराजवळच थांबतो. जयभीम.