न दिसणारा व्रण



न्यायवैद्यकाचे नाव काढताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शवविच्छेदनाचे टेबल उभे राहते. परंतु हे शास्त्र मृतांपुरते नाही. जिवंत माणसाच्या अंगावरील जखम कशाने व केव्हा झाली हे न्यायालयास सांगणे, हेही त्याचेच काम होय. आज अशाच एका जखमेविषयी बोलावयाचे आहे. विषय संकोचाचा खरा. पण संकोचामुळेच तो झाकून राहिला.

दाऊदी बोहरा समाजातील अनेक कुटुंबांत मुलगी सातेक वर्षांची झाली म्हणजे तिचा ‘खतना’ करण्याची चाल आहे. जननेंद्रियाचा जो अत्यंत संवेदनाक्षम भाग, त्यावरील त्वचा थोडीशी कापतात. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांच्या अशा अंगच्छेदाचे चार प्रकार मानले असून, साधे टोचणे वा चिरणेही त्यांत गणले आहे. या चालीविरुद्ध पहिला आवाज उठविला तो त्याच समाजातील स्त्रियांनी. मुंबईत 2015 मध्ये ‘सहियो’ ही संस्था त्यांतूनच निघाली.

प्रकरण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वर्षाअखेर केंद्र सरकारच्या वतीने सांगण्यात आले की, अशी प्रथा असल्याचा अधिकृत पुरावा उपलब्ध नाही. पुढे 2018 मध्ये महान्यायवादींनी हे कृत्य प्रचलित कायद्यांनीही गुन्हाच ठरते असे प्रतिपादन केले, आणि सप्टेंबरात प्रकरण घटनापीठाकडे सोपविण्यात आले.

आता पुरावा नाही, तो का नाही? त्या भागाची जखम लवकर भरून येते. छेद लहान असेल तर पुढे व्रण दिसेलच असा नेम नाही. शिवाय निसर्गतःच या अवयवाची ठेवण प्रत्येकीची निराळी असते. ऑस्ट्रेलियातील अशाच एका खटल्यात वैद्यकीय तपासणीत व्रण आढळला नव्हता. मात्र 2019 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, लहानशी चीर हीदेखील कायद्याच्या अर्थाने अंगच्छेदच होय, असा निर्वाळा दिला.

यातून डॉक्टरांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ‘व्रण नाही, म्हणून कृत्य झाले नाही’ असे लिहिणे हा शास्त्राचा निष्कर्ष नव्हे. ‘व्रण दिसला नाही, तथापि मुलीने सांगितलेली हकीकत त्यामुळे खोटी ठरत नाही’ असे लिहिणे योग्य. उलटपक्षी, ठेवणीतील साध्या फरकास जखम म्हणणे हाही तितकाच मोठा अन्याय होय.

बालाघाट जिल्ह्यातील कटंगीसारख्या गावी न्यायवैद्यकाचा तज्ज्ञ हाताशी असेलच असे नाही. ही चाल तेथे आहे असे मला सुचवावयाचे नाही. पण सुटीत परगावी जाऊन आलेली एखादी मुलगी लघवीच्या वेळी रडते म्हणून कोणत्याही गावच्या दवाखान्यात आणली जाऊ शकते. त्या दिवशी जे लिहिले जाईल, तेवढेच पुढे न्यायालयास उपलब्ध असेल. पोक्सो कायद्याप्रमाणे मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने, तिच्या विश्वासातील माणसासमक्ष करावयाची असते. तारीख, वेळ, सूज, रक्त, छेदाची जागा व माप यांची नोंद तेव्हाच व्हावी. मुलीचे बोल तिच्याच शब्दांत उतरावेत. गुन्ह्याची माहिती पोलिसांस कळविणेही त्याच कायद्याने बंधनकारक आहे.

शरीर आपली खूण पुसून टाकते. सात वर्षांच्या मुलीची आठवण मात्र पुसली जात नाही. ती मोठी होऊन बोलेल तेव्हा तिच्या बाजूने साक्ष देणारा एखादा कागद कोठेतरी असावा, एवढेच आपल्या हाती आहे. आणि तेवढे आपण केलेच पाहिजे.