पाणी कुठवर येतं, ते आधी विचारा

आज कर्जाचा हप्ता आणि गटाचा हिशेब थोडा बाजूला ठेवूया. घर कुठं बांधायचं, अंगणवाडी कुठं घ्यायची, रस्त्याखालची मोरी केवढी ठेवायची, हे ठरवताना पुराचा विचार कोण करतं? आणि तो विचार करायला कुणाला शिकवलं जातं? आजचा विषय हाच आहे.

आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यानं 2005, 2019 आणि 2021 असे मोठे पूर पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पाऊस अफाट होता, हे खरंच. पण पाण्याची हक्काची जागाही आपण घेतली. शहर पसरलं, तशी शहराजवळची गावंही पसरली. ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडले. रस्ता उंच केला आणि त्याखाली इवलीशी मोरी ठेवली. मग पाणी आपली वाट शोधत आपल्या उंबऱ्यात येतं.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधायचं, तर जोतं पुराच्या पातळीच्या वर घेण्यासारख्या अटी असतात. इथं एक गैरसमज काढून टाका. 25 वर्षांतून एकदा म्हणजे यंदा पूर आला की पुढची 24 वर्षं निवांत, असं नाही. प्रत्येक पावसाळ्यात तेवढा पूर येण्याची पंचविसात एक शक्यता असते. मोठ्या पुरानंतर दोन वर्षांत दुसरा मोठा पूर येऊ शकतो, हे 2019 आणि 2021 नं आपल्याला दाखवलंच आहे.

आता प्रशिक्षणाबद्दल. प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला सतरंजी, चहा-बिस्किटं आणि हजेरीची सही आठवते. शिकायचं ते बायांनी, असाही एक समज आहे. पण 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा काय म्हणतो बघा. त्याच्या 41 व्या कलमात स्थानिक प्राधिकरणानं आपल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापनाचं प्रशिक्षण मिळेल, याची खात्री करायची आहे. आपल्या हद्दीतली बांधकामं ठरलेल्या निकषांनुसार होतात का, हेही त्यांनीच पाहायचं आहे. लोकांच्या प्रशिक्षणाला मदत करणं हे जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात, त्या जिल्हा प्राधिकरणाचं काम आहे. म्हणजे शिकायचं दोघांनीही आहे, आपण आणि साहेबांनीही. माझं मत असं, की दोघांनी एकाच सतरंजीवर बसून शिकावं.

कारण दोघांकडंही अर्धी अर्धी माहिती असते. साहेबांच्या नकाशावर रेषा असते, उंची असते. पण पाणी आधी कुठल्या बोळातून शिरतं, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोण दिवस भरलेली आहे, रात्री दिवे गेल्यावर कुठल्या पाणंदीतून बाहेर पडता येतं, हे नकाशात नसतं. ते आपल्याला माहीत असतं. उलट, ओढ्यावरच्या मोरीतून किती पाणी जाऊ शकतं याचं गणित त्यांना येतं, आपल्याला येत नाही.

हे नुसतं बोलायचं नाही, महाराष्ट्रात ते घडलेलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिव भागात किल्लारीचा भूकंप झाला. जवळजवळ आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर कोसळलं. पुढं घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. भिंतीत आरपार दगड का घालायचा, छतावरचं ओझं का कमी करायचं, हे त्या अभियंत्यांकडून शिकल्या आणि घरोघरी सांगितलं. लोकांच्या अडचणी त्यांनी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. 2001 मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बाया तिथल्या बायांना अनुभव सांगायला गेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आपल्यासारख्याच होत्या, शेतात राबणाऱ्या.

मग आपण काय करायचं? पहिलं, मोठ्या अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा. नदी, ओढा, मोऱ्या, शाळा, दवाखाना, विहिरी दाखवा. 2019 चं पाणी कुठवर आलं, तिथं हळदीची रेघ ओढा. ज्या घरांना आधी हलवावं लागेल, तिथं एकेक खडा ठेवा. ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि पाटबंधाऱ्याचे अभियंते यांना तिथं बोलवा आणि त्यांच्या नकाशावरची निळी रेषा आपल्या रांगोळीवर आखायला सांगा. ओढ्याला अशी रेषा नसेल, तर आपली हळदीची रेघच कामाला येईल.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं ठराव करा, की नवी सरकारी इमारत या रेघेच्या आत नको आणि अमुक मोरी मोठी हवी. तो ठराव गावाच्या विकास आराखड्यात चढतो का, हे शेवटपर्यंत बघा. शेजारच्या शहराचा आराखडा आपल्या शिवारावर येत असेल, तर प्रारूप जाहीर झाल्यावर हरकती आणि सूचना द्यायला मुदत असते. ती चुकवू नका.

तिसरं, नाव आणि माणसं आधी ठरवा. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी नाव उलटली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. नावेत किती जण बसणार, आधी कोण जाणार, जीवरक्षक जॅकेट कुठं ठेवलीत, याचा सराव मे महिन्यात व्हायला हवा. पाणी दारात आल्यावर कुणी रांग लावत नाही.

आणि चौथं, जे पूर्णपणे आपल्या हातात आहे. गटातली एखादी ताई घरासाठी किंवा दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी कर्ज मागते, तेव्हा आपण हप्ता किती, जामीन कोण, एवढंच विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: पाणी कुठवर येतं? गरिबाला परवडणारा प्लॉट बहुतेक वेळा ओढ्याकाठचाच असतो. एका पुरात घर जातं आणि कर्ज तेवढं शिल्लक राहतं.

तुम्ही म्हणाल, जे आधीच तिथं राहतात त्यांचं काय? त्यांना बोल लावू नका. कुणी हौसेनं ओढ्याकाठी राहत नाही. पर्यायी जागा दिल्याशिवाय कुणाला उठवू नये, हेही ठरावात लिहा. तोवर इशारा सगळ्यात आधी त्यांच्याच दारात पोहोचला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गल्लीतल्या दोघींची नावं ठरवून ठेवा.

पुढच्या बैठकीत अजेंड्यावर एवढा एकच विषय घ्या. रांगोळी घरात आहे, हळदही आहे. पावसाळ्याच्या आत नकाशा काढा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो रंगवून घ्या, म्हणजे पोराबाळांनाही कळेल आणि येणाऱ्या साहेबालाही.