जंतनाशक गोळी आणि हजेरीपट



विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून अंकुशकृमी अनवाणी पायांवाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात राहून रक्त शोषतो. मूल निस्तेज होते. अभ्यासात त्याचे मन लागत नाही. यास्तव २०१५ पासून देशात १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मुलाने शिक्षकासमक्ष चावून खावयाची असते. आजारी मुलास ती त्या दिवशी देऊ नये.

तथापि ऐन त्याच दिवसांत अंबड-घनसावंगीकडील कित्येक मुले आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर असतात. उघड्यावर राहणाऱ्या या मुलांनाच गोळीची निकड अधिक. त्यांच्या नावापुढे हजेरीपटावर खूण करून ठेवावी आणि कुटुंब गावी परतताच आरोग्यसेविकेस कळवावे. गोळीने जंत मरतात. शौचालय, साबण व वहाणा यांनी ते पुन्हा होण्यास आळा बसतो. परंतु गैरहजर मुलाची आठवण केवळ शिक्षकच ठेवू शकतो.